बेस्ट प्लेअर कोणी ठरवायचा?

इंटर-हॉस्टेल फुटबॉल संपला की आपल्या मेसमध्ये दोन दिवस एकच वाद चालतो. कप कोणी नेला हा नव्हे, तर 'बेस्ट प्लेअर' कोणाला द्यायला हवा होता हा. त्या दोन दिवसांत वरण पातळ असल्याची तक्रारसुद्धा कोणी करत नाही! निकाल मात्र दरवर्षी ठरलेला: ज्याचे गोल जास्त, त्याचा कप. मी कॉन्व्हेंटचा, त्यामुळे 'बचावपटू' हा शब्द मला रूममेटने शिकवला. पण मी खेळतो त्याच जागेवर, म्हणून हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा.

जिथे हा खेळ लोक देवळात जावं तसे बघायला जातात, त्या इंग्लंडमध्ये हा प्रश्न कसा सोडवतात ते पाहू.

तिथे एक नाही, तीन मोठी बक्षिसे आहेत. सगळ्यात जुने पत्रकारांचे. ते १९४८ पासून देतात आणि पहिला मान स्टॅनली मॅथ्यूजला मिळाला. सगळ्यात नवे प्रीमियर लीगचे स्वतःचे, १९९४-९५ च्या सीझनपासूनचे. आणि मधले, ज्याला खेळाडू सगळ्यात जास्त मानतात, ते पीएफएचे.

पीएफए म्हणजे फुटबॉल खेळाडूंची युनियन. ती १९०७ साली मँचेस्टरमध्ये स्थापन झाली. आठवड्याला २० पौंडांपेक्षा जास्त पगार द्यायचा नाही हा जुना नियम १९६१ मध्ये याच युनियनने मोडून काढला. १९७४ मध्ये तिने ठरवलं की वर्षाचा उत्तम खेळाडू आपण खेळाडूंनीच निवडायचा. साहेब नाही, पेपरवाला नाही. समोर उभा राहून ज्याने तुमचा घाम काढला, त्याला तुम्ही मत द्यायचं.

नियम साधा आहे. प्रत्येक मेंबरला मत आहे, पण आपल्याच टीमच्या खेळाडूला ते देता येत नाही. हा नियम नसता तर प्रत्येक क्लबने आपापला माणूस पुढे केला असता आणि निवडणूक झाली असती, निवड नाही.

आता गंमत बघा. पहिल्या पाच वर्षांचे विजेते: १९७४ नॉर्मन हंटर, १९७५ कॉलिन टॉड, १९७६ पॅट जेनिंग्ज, १९७७ अँडी ग्रे, १९७८ पीटर शिल्टन. हंटर आणि टॉड बचावपटू, जेनिंग्ज आणि शिल्टन गोलकीपर. पाचात गोल मारणारा एकटा ग्रे! म्हणजे खेळाडूंच्या हातात मत दिलं तेव्हा त्यांनी पहिली पसंती गोल अडवणाऱ्यांना दिली.

पण पुढे काय झालं? १९७९ ते २०२५ या ४७ वर्षांत मागच्या फळीतले फक्त चौघे निवडले गेले: गॅरी पॅलिस्टर (१९९२), पॉल मॅग्राथ (१९९३), जॉन टेरी (२००५) आणि व्हर्जिल व्हॅन डाइक (२०१९). गोलकीपर एकही नाही.

मला याचं कारण असं वाटतं. लीगमध्ये प्रत्येक टीमशी सीझनमध्ये दोनच मॅच होतात. बाकी सगळं खेळाडूसुद्धा आपल्यासारखं टीव्हीवरच बघतो. मत खालच्या डिव्हिजनच्या खेळाडूंनाही आहे, आणि त्यांची तर या स्टार लोकांशी गाठच पडत नाही. हायलाइट्समध्ये गोल दिसतो. बॅक योग्य जागी उभा होता म्हणून जो पास टाकलाच गेला नाही, तो कुठल्या हायलाइट्समध्ये दिसणार?

दुसरी भानगड वेळेची. पूर्वी हे बक्षीस एप्रिलमध्ये, सीझन संपायच्या आधीच देत. त्यामुळे मतपत्रिका त्याच्याही आधी भरून जात. १९९९ मध्ये मँचेस्टर युनायटेडने तीन मोठे कप जिंकले, पण बक्षीस मिळालं टॉटनमच्या डेव्हिड जिनोलाला. २००९ मध्ये रायन गिग्जला मिळालं तेव्हा त्या सीझनमध्ये त्याने लीगच्या फक्त १२ मॅच सुरुवातीपासून खेळल्या होत्या. त्याच्या पूर्ण करिअरचा मान म्हणून मतं पडली, असं तेव्हा बरेच जण म्हणाले. आता २०२३ पासून समारंभ ऑगस्टमध्ये, म्हणजे सीझन आटोपल्यावर होतो. २०२५ मध्ये मोहम्मद सलाह जिंकला. २०१८ आणि २०२२ धरून हे त्याचं तिसरं, आणि तीनदा जिंकणारा तो पहिलाच. त्या सीझनला त्याचे २९ गोल होते, त्यामुळे वाद घालायला कोणाला फारशी जागा नव्हती.

म्हणून पीएफएची पद्धत टाकाऊ आहे का? अजिबात नाही. २०१७ मध्ये चेल्सीचा एन्गोलो कांटे निवडला गेला, तेव्हा पूर्ण लीगमध्ये त्याचा गोल होता फक्त एक. काम काय, तर समोरच्याकडून बॉल काढून घेणे. असा माणूस स्कोअरशीट बघून सापडत नाही, त्याच्याविरुद्ध खेळावंच लागतं.

आणि इथेच आपण इंग्लंडपेक्षा नशीबवान आहोत. आपल्या टीम मोजक्या, ग्राउंड एकच, आणि सगळे एकमेकांविरुद्ध खेळतात. टीव्हीची भानगडच नाही. म्हणून जिमखान्याला माझी नम्र विनंती: बेस्ट प्लेअर पाहुण्यांच्या हातातल्या गोलांच्या यादीवरून ठरवू नका. फायनल संपल्यावर प्रत्येक खेळाडूला एक चिठ्ठी द्या. स्वतःच्या हॉस्टेलच्या खेळाडूचं नाव लिहायचं नाही, एवढी एकच अट. मतमोजणी रेक्टर सरांसमोर करा. खर्च एका वहीचा.

आमच्या ब्लॉकचा गोलकीपर यंदा फायनल इयरला आहे. चार वर्षं तो त्या खडीवर उड्या मारतोय, त्याची कोपरं बघा एकदा. त्याला कप मिळेलच असं मी म्हणत नाही. पण त्याने ज्यांचे गोल अडवले, त्यांना एकदा तरी विचारा.