नक्कल कोणती आणि चोरी कोणती?



आमच्या महाविद्यालयातल्या पाच मुलांनी मध्यंतरी वर्गणी काढून एक पुस्तक मागविले. पार्सल फोडून ती मुले ते थेट माझ्याकडे घेऊन आली. पुस्तक कसले, तर एका व्हिडिओ गेमचा चित्रग्रंथ. खेळातली गावे, वाडे, घोडे, चिलखते पडद्यावर येण्याआधी चित्रकारांनी कागदावर कशी रेखाटली, ते त्यात पानोपान छापलेले. किंमत मात्र चार हजारांच्या घरात.

लगेच वाद पेटला. एक जण म्हणाला, "सर, सगळी पाने स्कॅन करून ग्रुपवर टाकू. ओतूरच्या, घोडेगावच्या पोरांनी एवढे पैसे आणायचे कुठून?" दुसरा म्हणाला, "मग ती चोरीच की! ज्यांनी चित्रं काढली, त्यांच्या पोटाचं काय?" मी त्या वेळी काहीतरी थातूरमातूर बोलून वेळ मारून नेली. आज नीट उत्तर देतो, कारण प्रश्न त्या एका पुस्तकापुरता नाही.

प्रथम एक गोष्ट लक्षात घ्या. नक्कल करणे हे मुळात पाप नव्हे. आपल्या जुन्नर तालुक्यातल्या नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा लेख कोरलेला आहे. पावसापाण्याने त्याची बरीच झीज झाली आहे. एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांनी त्याच्या नकला घेतल्या, म्हणून तो दूरदूरच्या विद्वानांना घरबसल्या वाचता आला. आपल्या संतांचे ग्रंथसुद्धा छापखाना येईपर्यंत हाताने उतरवूनच टिकले. नक्कल नसती, तर आपल्याजवळ काय उरले असते?

मग कायदा आडवा का येतो? कारण शिलालेख कोरणाऱ्याचे घर आज त्या लेखावर चालत नाही. जिवंत लेखकाचे आणि चित्रकाराचे चालते. भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ सालचा. त्याप्रमाणे लेखकाचा हक्क तो हयात असेपर्यंत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. पूर्वी ही मुदत ५० वर्षे होती. रवींद्रनाथांचे निधन १९४१ सालचे. त्यांच्या ग्रंथांची मुदत संपत आली, तेव्हा ती १० वर्षांनी वाढविण्यात आली. ही ६० वर्षे मृत्यूच्या पुढल्या १ जानेवारीपासून मोजतात. साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. म्हणून १ जानेवारी २०११ पासून त्यांचे लेखन सर्वांसाठी खुले झाले.

पण इथे एक मेख आहे बरं का! मजकूर एकाचा आणि चित्र दुसऱ्याचे असते, आणि दोघांची मुदत वेगवेगळी मोजतात. दीनानाथ दलाल १९७१ साली वारले. त्यांच्या चित्रांवरचा हक्क २०३१ अखेरपर्यंत चालेल. तेव्हा जुन्या पुस्तकातला मजकूर मोकळा झाला, म्हणून त्याचे मुखपृष्ठही मोकळे झाले असे समजू नका. चित्रग्रंथात तर सगळा जीवच चित्रांत असतो.

आता शिक्षक बंधुभगिनींसाठी. कायद्याच्या ५२ व्या कलमाने काही वाटा उघड्या ठेवल्या आहेत. स्वतःच्या अभ्यासासाठी किंवा समीक्षेसाठी वाजवी उपयोग चालतो. वर्गात शिकविताना लागणारा भाग शिक्षक उतरवून देऊ शकतो. सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्याजवळच्या प्रतीची जपणुकीसाठी संगणकीय प्रत ठेवता येते. अंध वाचकांना वाचता येईल अशा रूपात पुस्तक आणून देण्यासही मुभा आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या एका झेरॉक्सच्या दुकानावर तीन परदेशी प्रकाशकांनी २०१२ साली दावा लावला होता. २०१६ साली उच्च न्यायालयाने सांगितले, की शिकवण्याच्या कामापुरते उतारे काढून देणे हा हक्कभंग होत नाही. पुढे २०१७ साली प्रकाशकांनी दावा मागे घेतला. मात्र अख्खे पुस्तक स्कॅन करून शेकडो लोकांना पाठविणे या वाटांत कुठेच बसत नाही. जाणूनबुजून हक्कभंग केल्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड सांगितला आहे. नफा कमावला नसेल, तर न्यायालय शिक्षा कमी करू शकते. पण गुन्हा तो गुन्हाच.

२०२० सालच्या टाळेबंदीत मराठी पुस्तकांच्या आणि दिवाळी अंकांच्या पीडीएफ फायली घरोघरी मोबाइलवर फिरल्या. पाठविणाऱ्याला वाटे, आपण वाचनाचा प्रसार करतो आहोत. पण मराठी पुस्तकाची आवृत्ती पुष्कळदा हजार प्रतींची असते. त्यातले दोनशे वाचक फुकटात गेले, तर दुसरी आवृत्ती निघत नाही, आणि लेखकाचे पुढचे पुस्तकही अडते. मोठी परदेशी कंपनी तो तोटा सोसेल. आपला प्रकाशक कसा सोसणार?

मग गरिबाच्या मुलाने वाचूच नये काय? तसे नाही. मालकाने स्वतः दार उघडले, तर चोरीचा प्रश्नच उरत नाही. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ साली सुरू झाले. त्याचे जुने अंक बालभारतीनेच संगणकावर विनामूल्य ठेवले आहेत. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तके आणि मराठी विश्वकोशही तसाच खुला आहे. शाळेत एक जरी संगणक असेल, तरी हे भांडार मुलांना दाखवा.

आता कबुली देतो. एम. ए. करीत असताना मीही एक अख्खे पुस्तक झेरॉक्स करून घेतले होते. ते बाजारात मिळत नव्हते, हे खरे. पण मी लेखकाला एक पोस्टकार्डसुद्धा टाकले नाही. ते हयात होते. कदाचित त्यांच्या माळ्यावर प्रती पडलेल्या असतील. ही रुखरुख अजून जात नाही.

मुलांनी शेवटी काय केले? चित्रग्रंथ आमच्या ग्रंथालयात ठेवला. त्यातला वाडा पाहून दोघे जण रेखाटन शिकत आहेत. स्कॅन करू म्हणणाऱ्या मुलाचे मात्र समाधान झालेले नाही. तो विचारतो, "सर, ओतूरच्या पोराने त्यासाठी इथवर यायचं का?" त्याचे म्हणणे खोटे नाही. त्याचे उत्तर गावच्या वाचनालयाने द्यायला हवे. वर्गणीतून वर्षाला एक तरी महागडे पुस्तक घ्यावे, शेजारच्या गावाशी अदलाबदल करावी. एक प्रत रीतसर विकत घेऊन शंभर जणांनी वाचली, तर कोणताही कायदा आड येत नाही.