‘जरा ऐकून तर बघ’ : आवडत्या गाण्यांविषयी थोडा विचार

मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण श्रोत्यानं आम्हाला गाठलं आणि विचारलं, ‘सर, तुम्हाला स्वतःला कोणती गाणी आवडतात? आणि आवडतात, तर त्यानं काय फरक पडतो?’ पहिला प्रश्न सोपा आहे. दुसऱ्यानं मात्र आम्हाला नोकरीची सगळी वर्षं छळलं. आज त्याच्याबद्दलच बोलू. गाणी म्हणजे चित्रपटातली, कॅसेटवरची, रॉकच्या बाजाची. ज्यांना विद्वान मंडळी ‘हलकीफुलकी’ म्हणून बाजूला सारतात ती.

सुरुवात अंबाडीच्या भाजीपासून करू. आम्हाला ती आवडते, तुम्हाला नाही. भांडण होतं का? नाही. तुम्ही तुमचं वरण घ्या, आम्ही आमची अंबाडी. पण एखादं गाणं आम्हाला फार आवडलं आणि तुम्ही नाक मुरडलं, तर आम्ही गप्प बसतो का? नाही बसत. आम्ही म्हणतो, ‘अहो, जरा ऐकून तर बघा! ते मधलं कडवं ऐका!’ म्हणजे भाजीच्या आवडीत आणि गाण्याच्या आवडीत काहीतरी फरक आहे. हा फरक इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञानं 1790 साली आपल्या सौंदर्यविषयक ग्रंथात मांडला. त्याचं उदाहरण वाइनचं आहे, आपण अंबाडी घेतली, एवढंच. तो म्हणतो, नुसतं सुखद वाटणं ही ज्याची त्याची बाब. पण ‘हे सुंदर आहे’ असं म्हणताना आपण दुसऱ्याच्याही संमतीची अपेक्षा धरतो. गंमत अशी की ती संमती आपण पुराव्यानं मिळवू शकत नाही. गणितासारखं सिद्ध करता येत नाही आणि भाजीसारखं सोडूनही देता येत नाही. ‘ऐकून तर बघ’ हे तीन शब्द या मधल्या जागेत राहतात.

आता आमच्या लहानपणात येऊ. 1952 साली माहिती व नभोवाणी खातं बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे आलं. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचे जाणकार. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली. जनतेची रुची सुधारावी हा हेतू. झालं काय? लोकांनी रेडिओचा काटा सिलोनकडे फिरवला. त्याच वर्षाच्या शेवटी तिथं अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. अखेर 3 ऑक्टोबर 1957 रोजी सरकारला ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. केसकरांची चूक आवडीत नव्हती बरं का. त्यांची आवड उत्तमच होती. चूक अशी, की त्यांनी ‘ऐकून तर बघा’च्या जागी ‘हेच ऐका’ आणलं. संमती मागायची असते, ती हुकमानं मिळत नाही.

आमच्या गावात चहाच्या हॉटेलात एक रेडिओ होता. बुधवारी रात्री बाकडी भरायची. फर्माइशीच्या कार्यक्रमात गाण्याआधी नावांची लांबलचक यादी वाचली जायची, आणि त्यात झुमरीतलैया हे गाव हमखास असायचं. आम्हाला तेव्हा हसू यायचं. गाणं तर लागणारच आहे, मग पोस्टकार्ड खर्चून नाव कशाला पाठवायचं? आज कळतं. त्या माणसाला गाणं नुसतं ऐकायचं नव्हतं. ‘हे मला आवडतं’ हे त्याला चारचौघांत सांगायचं होतं. ज्याचं नाव कुठंच छापून येत नव्हतं, तो गाण्याच्या आधाराने सार्वजनिक होत होता.

दुसरं उदाहरण रॉकचं. 1978 साली पु. ल. देशपांडे यांचं ‘तीन पैशाचा तमाशा’ रंगभूमीवर आलं, दिग्दर्शक जब्बार पटेल. मूळ नाटक ब्रेख्तचं, 1928चं, बर्लिनमधलं. त्याचंही मूळ 1728 सालच्या एका इंग्रजी नाटकात. पु.लं.नी ते तमाशाच्या घाटात बसवलं आणि अंकुशच्या भूमिकेत नंदू भेंडे उभे राहिले. मुंबईत रॉक गाणारा तरुण, ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’च्या इंग्रजी प्रयोगात ज्यूडास केलेला. मराठी शब्द, तमाशाचा घाट आणि गळा रॉकचा! आम्ही खेड्यातून शिकून आलेले; इंग्रजी गाण्यांचं आम्हाला जरा भय वाटायचं. हे आपल्यासाठी नाही, असं वाटायचं. त्या प्रयोगात कळलं, की गाण्याला गाव विचारायचं नसतं. चांगलं गाणं ज्याला लागू पडतं त्याचं होतं.

तिसरं उदाहरण आमच्या चुकीचं आहे. वर्गात कांट शिकवताना आम्ही उदाहरणं द्यायचो ती मल्लिकार्जुन मन्सूर, भीमसेन जोशी यांची. कॅसेटवरच्या गाण्यांचा उल्लेख झाला तर वर्गात थोडं हसून घ्यायचो. एकदा मागच्या बाकावरचा विद्यार्थी उभा राहिला आणि म्हणाला, ‘सर, आमच्या वस्तीत बाबासाहेब पुस्तकातून आले नाहीत. गाण्यातून आले.’ खाली बसला. आम्हाला उत्तर सुचलं नाही. वामनदादा कर्डकांची गीतं, प्रल्हाद शिंदेंचा आवाज हे आम्ही ऐकलं होतं, पण ‘संगीत’ या खात्यात मांडलं नव्हतं. ज्या घरात वाचता येणारं कुणी नव्हतं, तिथं गाण्यानं इतिहास पोचवला, मान वर करायला शिकवलं. पुढं स्वस्त कॅसेट आल्या आणि ज्यांच्याकडे मोठ्या कंपन्या फिरकल्या नसत्या, त्यांचे आवाज गावोगाव गेले. आमची अभिरुची म्हणून आम्ही जे मिरवत होतो, त्यात अभिरुची किती आणि आमच्या घराची, जातीची सवय किती, हा हिशेब त्या दिवशी आम्हाला मांडावा लागला. तो अजून संपलेला नाही.

आता एक आक्षेप. अडोर्नो नावाचा जर्मन तत्त्वज्ञ. नाझींमुळे देश सोडावा लागलेला. लोकप्रिय संगीतावर त्यानं 1941 साली निबंध लिहिला. तो म्हणतो, ही गाणी एका साच्यातून निघतात. पुढं काय येणार ते आधीच ठरलेलं, म्हणून ऐकणाऱ्याचा विचार झोपतो. आक्षेप हलका नाही. पण तुळजापूरचा गोंधळही ठरलेल्या चालीचा असतो, आरतीही. साचा आहे म्हणून तर न शिकलेला माणूस दुसऱ्या ओळीला सामील होऊ शकतो. साचा हा दोष नव्हे. प्रश्न असा, की त्या साच्यात ऐकणाऱ्याला जागा आहे का? मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोर छातीत धडधडतं, शेजारच्याचा शब्द ऐकू येत नाही. तिथं अडोर्नो आम्हाला पटतो. आणि कांटही. त्याची तक्रार होती, की संगीत शेजाऱ्यापाजाऱ्यांवर लादलं जातं, खिशातून काढलेल्या सुगंधी रुमालासारखं. वास हवा की नको हे कुणी विचारत नाही. ‘ऐकून तर बघ’ आणि ‘ऐकावंच लागेल’ यांतलं अंतर पुन्हा आलंच.

शेवटचं उदाहरण. ‘सैराट’ 2016चा. नागराज मंजुळे आपल्या परांड्याशेजारच्या करमाळा तालुक्यातले. अजय-अतुल यांनी त्यातल्या संगीतासाठी थेट लॉस एंजेलिसमध्ये पाश्चात्त्य वाद्यवृंद वाजवून घेतला. ‘झिंगाट’ लागलं की लोक खुर्च्या सोडून नाचायचे. आणि शेवटच्या प्रसंगात? आवाजच नाही. मघाशी नाचलेलं थिएटर त्या शांततेत बसून राहतं. आम्हाला वाटतं, ती शांतता इतकी बोचते ती त्या नाचामुळे. आनंद खरा होता, म्हणून तो कुणी हिरावून घेतला हे कळलं.

अशी शांतता आपल्या जिल्ह्यानं पडद्याबाहेरही पाहिली आहे. 30 सप्टेंबर 1993ची पहाट. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. उमरगा भागातल्या आणि आजच्या लोहारा तालुक्यातल्या, शेजारच्या किल्लारी परिसरातल्या गावांत लोक विसर्जन करून झोपले होते. चारच्या सुमारास भूकंप झाला. हजारो माणसं गेली. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ होते; त्या मिरवणुकीत वाजलेलं एक सिनेमाचं गाणं लागलं, की ते न बोलता उठून जायचे. गाणं साधं नाचाचं होतं. बऱ्याच वर्षांनी एका लग्नात ते वाजलं. आम्ही बंद करायला सांगणार, तेवढ्यात ते म्हणाले, ‘राहू द्या. माझा पोरगा यावर लई नाचायचा.’ आणि ते शेवटपर्यंत बसून राहिले.

मित्रहो, त्या तरुणाच्या दुसऱ्या प्रश्नाला आमचं उत्तर हे एवढंच. त्या गाण्यात पोरगा नव्हता, आणि त्या गाण्याशिवाय कुठं उरलाही नव्हता. ते ‘राहू द्या’ म्हणाले, तेव्हा आम्हा सगळ्यांना त्यांनी त्या गाण्यात बसायला जागा दिली. संमती मागणं म्हणतात ते हेच असावं. चाल सुमार आहे की थोर, हा प्रश्न त्या मांडवात कुणाला सुचला नाही.

एक काम सांगतो आणि थांबतो. घरी जाऊन आपली तीन आवडती गाणी लिहा आणि ‘छान’, ‘गोड’ हे शब्द न वापरता प्रत्येकासमोर कारण लिहा. मग घरातल्या दुसऱ्या पिढीच्या माणसाला तीन गाणी विचारा. ती आवडली नाहीत तरी शेवटपर्यंत ऐका. मत नंतर द्या.