पुस्तकातला रिसीव्हर, खोडदच्या शिवारात

नारायणगावजवळच्या आर्वीत १९७१ साली सुमारे ३० मीटर व्यासाची तबकडी उभी राहिली आणि उपग्रहामार्फत परदेशांशी नियमित दूरसंचार करणारं देशातलं पहिलं भूकेंद्र सुरू झालं. तोवर परदेशी फोन लघुलहरींच्या भरवशावर चालत. वरच्या वातावरणातला आयनांचा थर बिघडला की आवाज विरून जायचा. विक्रम साराभाईंचं नाव मिळालेल्या या केंद्राचं टपाल खात्याने १९७२मध्ये खास तिकीट काढलं. पुणे जिल्ह्याचं बिनतारी संदेशवहनाशी नातं त्याहून जुनं आहे. १९२७मध्ये ब्रिटनशी सुरू झालेल्या ‘बीम’ सेवेचे संदेश खडकीहून जात आणि दौंडला उतरत.

आणि मग खोडद. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून १९९०च्या दशकात इथे उभ्या राहिलेल्या महाकाय मीटरवेव्ह रेडिओ दुर्बिणीला, म्हणजे जीएमआरटीला, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. चौदा खोडदच्या मध्यवर्ती भागात दाटीने आहेत, उरलेल्या सोळा इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारख्या तीन फाट्यांवर जुन्नर-आंबेगावच्या शिवारांत दूरवर गेल्या आहेत.

ही दुर्बीण खगोलशास्त्राची म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे. पण या दोन तालुक्यांतला जो मुलगा किंवा मुलगी ‘ई अँड टीसी’ला, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनला प्रवेश घेते, तिच्यासाठी ती आणखी काही आहे. चार वर्षांच्या अभ्यासक्रमातला जवळजवळ प्रत्येक विषय तिथे चालू स्थितीत पाहायला मिळतो.

असे विद्यार्थी इथे थोडे नाहीत. आंबेगाव तालुक्यात अवसरी खुर्दला २००९मध्ये शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झालं. शेजारीच शासकीय तंत्रनिकेतन आहे, तिथून डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेणारेही पुष्कळ. जुन्नर तालुक्यात कुरण, बेल्हे, ओतूर या बाजूंना खासगी महाविद्यालयं आहेत. डिंभ्याच्या मुलाला आता इंजिनिअर होण्यासाठी पुण्यात खोली घ्यावीच लागते असं नाही; घोडेगाव, मंचर ओलांडलं की अवसरी येतं.

अडचण प्रवेशानंतर सुरू होते. ई अँड टीसी ही डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींची शाखा आहे. लहर दिसत नाही, मॉड्युलेशन दिसत नाही, नॉइज तर नाहीच नाही. प्रयोगशाळेत ट्रेनर किटवर दोन पॅच कॉर्ड जोडायच्या, स्क्रीनवर ठरलेली आकृती उमटली की रीडिंग घ्यायचं, जर्नल पूर्ण करून सबमिशन करायचं. किट मुद्दामच असं बनवलेलं असतं की त्यातला सिग्नल स्वच्छ असतो. खऱ्या जगात तो कधीच स्वच्छ नसतो, आणि या अभियंत्याचं निम्मं काम तिथेच असतं. म्हणून या शाखेला प्रत्यक्ष कामाच्या जागी काढलेल्या काळाची गरज इतरांहून जास्त आहे.

ही कल्पना नवी नाही. ब्रिटनमधल्या अनेक विद्यापीठांत पदवीच्या मधलं एक अख्खं वर्ष उद्योगात काढायची सोय असते. पिलानीच्या ‘बिट्स’ने १९७३पासून ‘प्रॅक्टिस स्कूल’ चालवलं. पुणे विद्यापीठातही ‘प्रॉडक्शन सँडविच’ हा अभ्यासक्रम होता, त्यात विद्यार्थ्याला काही महिने कारखान्यात काम करावंच लागे. अ‍ॅप्रेंटिस कायदा १९६१चा. पदवीधर आणि पदविकाधारक अभियंते त्याच्या कक्षेत १९७३च्या दुरुस्तीने आले. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९च्या अभ्यासक्रमात तिसऱ्या वर्षी इंटर्नशिपला स्वतंत्र क्रेडिट मिळाले आणि नव्या शैक्षणिक धोरणाने तिचं वजन आणखी वाढवलं.

कागदावर सगळं झालं. प्रत्यक्षात मात्र बरीच मुलं घरी बसून ऑनलाइन चित्रफिती पाहतात आणि प्रमाणपत्र मिळवून क्रेडिट पदरात पाडून घेतात. त्यात मुलांचा दोष कमी. ग्रामीण कॉलेजच्या विद्यार्थ्याला कंपनीत ओळख नसते, पुण्यात राहण्याचा खर्च परवडत नाही. पण ज्यांच्या गावाजवळ आर्वी आणि खोडद आहे, पुणे-नाशिक रस्त्याला लागलं की ज्यांना चाकणचे कारखाने गाठता येतात, त्यांनी प्रमाणपत्रावर भागवावं हे वाईट आहे.

खोडदला काय शिकता येतं? तबकडीपासूनच सुरुवात करता येते. ती भरीव पत्र्याची नाही, बारीक स्टेनलेस स्टीलच्या तारांच्या जाळीची आहे. तारांमधली फट एक ते दोन सेंटीमीटर. हायड्रोजनच्या प्रसिद्ध लहरीची लांबी २१ सेंटीमीटर, बाकीच्या लहरी बहुतेक त्याहून लांब. एवढ्या लांब लहरीला ती जाळी आरशासारखी अखंडच भासते, वारा मात्र आरपार निघून जातो. म्हणून सांगाडा हलका ठेवता आला आणि एवढ्या मोठ्या तबकड्या परवडल्या. अँटेनाच्या तासाला लहरीची लांबी म्हणून जो ग्रीक ‘लॅम्डा’ फळ्यावर येतो, त्याचा अर्थ या जाळीखाली उभं राहिलं की कळतो.

मग येतो नॉइज. दूरच्या आकाशगंगेकडून येणारा सिग्नल इतका क्षीण असतो की त्यासाठी वापरायचं ‘जान्स्की’ हे एकक म्हणजे एका वॅटचे एकावर सव्वीस शून्यं इतके भाग केल्यावर त्यातला एक भाग, तोही प्रत्येक चौरस मीटर आणि प्रत्येक हर्ट्झमागे. असा सिग्नल वाढवायला जो पहिला अँप्लिफायर लागतो, त्याचा स्वतःचा नॉइज सगळ्यांत कमी असावा लागतो. पुढच्या टप्प्यांत कितीही चांगली यंत्रं लावली तरी पहिल्या टप्प्यावर घुसलेला नॉइज निघत नाही, उलट सिग्नलबरोबर तोही वाढत जातो. पुस्तकात हे ‘फ्रीसचं सूत्र’ म्हणून दोन ओळींत येतं. इथे त्याच कारणासाठी लो नॉइज अँप्लिफायर थेट तबकडीच्या नाभीपाशी, फीडला लागून बसवलेला असतो. तिथून सिग्नल ऑप्टिकल फायबरने मध्यवर्ती इमारतीत येतो, त्याचे आकडे होतात आणि एफपीजीए व जीपीयू वापरणारी यंत्रणा तीसही तबकड्यांचे सिग्नल एकमेकांशी ताडून पाहते. अँटेना, मायक्रोवेव्ह, फायबर, डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग, व्हीएलएसआय असे पाच पेपर एका रांगेत उभे आहेत. अभियांत्रिकीचे विद्यार्थी इथे प्रशिक्षणाला आणि प्रकल्पांसाठी येतात, आणि त्यांना खऱ्या यंत्रणेच्या एखाद्या तुकड्यावर काम करायला मिळतं.

इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्स अभियंत्यांच्या ‘आयट्रिपलई’ या जागतिक संस्थेने २०२०मध्ये जीएमआरटीला ‘माइलस्टोन’चा दर्जा दिला. भारतात त्याआधी हा मान जगदीशचंद्र बोस आणि सी. व्ही. रामन यांच्या कामालाच मिळाला होता. म्हणजे अभियंत्यांनीही ही दुर्बीण आपली मानली आहे. १९ ऑक्टोबर २०१६ला युरोपचं ‘स्कियापारेल्ली’ यान मंगळावर उतरत असताना त्याचा सिग्नल पृथ्वीवर थेट ऐकला तो खोडदच्या तबकड्यांनी. यानावरचा ट्रान्समीटर काही वॅटचा, अंतर इतकं की लहरीला पोहोचायला साधारण दहा मिनिटं लागली. उतरण्याच्या शेवटच्या मिनिटात सिग्नल तुटला. यान आदळलं होतं हे पुढे स्पष्ट झालं.

आकाशातल्या लहरीइतकंच जमिनीवरच्या गोंगाटाचं कामही इथे मोठं आहे. मोबाइल टॉवर, वाहनं, यंत्रं, सगळ्यांचा त्रास दुर्बिणीला होतो. उच्चदाबाच्या तारांवर सैल जोड किंवा खराब इन्सुलेटर असला तर तिथे बारीक ठिणग्या पडतात आणि त्यांचा नॉइज रुंद पट्ट्यात पसरतो. तो कुठून येतो हे शोधणं, तो गाळून टाकणारं सर्किट किंवा प्रोग्राम लिहिणं, हा विद्यार्थ्यासाठी फार उत्तम प्रकल्प आहे. पुणे-नाशिक रेल्वेचा मार्ग ठरवतानाही खोडदच्या या शांततेचा प्रश्न पुढे आला. भोवतीचे डोंगर बाहेरचा रेडिओ गोंगाट अडवतात, हे जागा निवडताना पाहिलं गेलं होतं.

तसेच डोंगर डिंभ्याच्या वर आहुप्याच्या खोऱ्यात नकोसे होतात. मोबाइलच्या लहरी सरळ रेषेत चालतात, कडा आडवा आला की रेंज जाते, आणि वाड्या-वस्त्यांवरच्या माणसाला फोन घेऊन चढ चढावा लागतो. ३० जुलै २०१४ला माळीणवर दरड कोसळली आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. गाव गाडलं गेल्याची खबर बाहेर पोहोचली ती सकाळी तिथे आलेल्या एसटीच्या चालकाकडून. संदेशवहनाच्या अभियंत्याने आपली शाखा कशासाठी आहे हे विचारायचं असेल तर ते माळीणच्या रस्त्यावर विचारावं. कृष्णा-भीमा खोऱ्यात जलसंपदा विभागाने पाऊस आणि धरणपातळीची नोंद आपोआप पाठवणारी यंत्रणा उभारली आहे. सेन्सर, सौर पॅनेल, मोबाइलचं जाळं आणि उपग्रह असं सगळं तिच्यात येतं. डिंभे धरण ज्या घोड नदीवर आहे, ती भीमेलाच मिळते. अवसरीच्या विद्यार्थ्याची इंटर्नशिप अशा केंद्रांच्या देखभालीत का असू नये? पावसाळ्यात सेन्सरमध्ये पाणी शिरणं, वीज पडून बोर्ड जळणं, दरीतून सिग्नल न निघणं, हे कुठल्याही ट्रेनर किटवर शिकता येत नाही.

चाकणची वाट वेगळी आहे. तिथे वाहनांमधली इलेक्ट्रॉनिक्स शिकता येते: नियंत्रक बोर्ड, त्यांना जोडणारं कॅन बस हे जाळं, हस्तक्षेपाच्या चाचण्या. नोकरीच्या दृष्टीने ती वाट अधिक खात्रीची आहे आणि घरच्यांना ती आवडते, यात गैर काही नाही. पण ई अँड टीसीची पदवी घेऊन पुष्कळ मुलं थेट सॉफ्टवेअरमध्ये निघून जातात, त्याचं एक कारण हेही आहे की चार वर्षांत त्यांच्या हाताला कधी खरा सिग्नल लागलेलाच नसतो.

पुढचं कामही दिसतं आहे. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेत ‘स्क्वेअर किलोमीटर अ‍ॅरे’ ही जगातली सर्वांत मोठी रेडिओ दुर्बीण उभी राहते आहे. भारताच्या सहभागासाठी केंद्र सरकारने सुमारे १,२५० कोटी रुपये मंजूर केले आहेत, आणि जीएमआरटी चालवणारी पुण्याची एनसीआरए ही संस्था त्यात आघाडीवर आहे. डिंभे, घोडेगाव, जुन्नरच्या ज्या मुलांना दहावी-बारावीनंतर शाखा निवडायची आहे, त्यांनी राष्ट्रीय विज्ञान दिनी, २८ फेब्रुवारीच्या सुमारास खोडदला जावं. त्या दिवसांत दुर्बीण लोकांसाठी खुली असते आणि शाळा-कॉलेजांची मुलं तिथे आपापले प्रकल्प मांडून बसलेली असतात. अभियांत्रिकीच्या मुलांना गाठून इंटर्नशिप कुठे केली, अर्ज कसा केला, कामाच्या जागी हातात काय दिलं, हे विचारून घ्यावं.