विश्लेषण : जळगाव-धुळ्यात राहून एलएलबी करायचे? सीईटीआधी बारावीची गुणपत्रिका का तपासावी?

पदवी झाली, नोकरी लागली किंवा लागायची आहे, तर ‘जोडीला एलएलबी करून ठेवू’ असे म्हणणारे खान्देशात कमी नाहीत. पण बार कौन्सिलचे काही नियम असे आहेत, की ते प्रवेशाच्या दिवशी लक्षात आले नाहीत तर फटका थेट सनद घेताना बसतो. तोवर तीन वर्षे आणि फी दोन्ही गेलेले असतात.

इथली पदवी पुरेशी आहे का?

माजी राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांनी एम.ए. जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयातून केले, कायद्याची पदवी मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयातून घेतली आणि वकिली पुन्हा जळगावच्या न्यायालयात केली. पुढच्या पिढीतील उज्ज्वल निकम यांना तेवढाही प्रवास करावा लागला नाही. जळगावच्याच एस. एस. मणियार विधी महाविद्यालयातून शिकून ते आधी जिल्ह्यात सरकारी वकील झाले आणि पुढे १९९३ चे बॉम्बस्फोट व २६/११ च्या खटल्यांत सरकारची बाजू मांडताना देशाने त्यांना पाहिले. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे १९९० साली स्थापन झालेल्या विद्यापीठाच्या, म्हणजे आजच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कक्षेत येतात. बार कौन्सिलची मान्यता असलेल्या महाविद्यालयाची पदवी सनदेसाठी सारखीच धरली जाते, मग ते मुंबईचे असो की धुळ्याचे.

तीन वर्षे की पाच?

बारावीनंतर पाच वर्षांचा, पदवीनंतर तीन वर्षांचा. दोन्हींसाठी राज्याची एमएच-सीईटी द्यावी लागते आणि दोन्हींच्या सीईटी वेगळ्या असतात. प्रश्न पर्यायी, चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, इंग्रजीचा भाग सोडला तर प्रश्न मराठीतही असतात. वयाची वरची अट नाही. त्यामुळे चाळिशीतला शिक्षक आणि नुकताच बी.कॉम. झालेला मुलगा एकाच बाकावर दिसतात.

मग घोळ कुठे होतो?

पहिला घोळ टक्केवारीचा. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी पदवीला आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी बारावीला खुल्या प्रवर्गात किमान ४५ टक्के गुण लागतात. ओबीसींसाठी ४२, तर अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० टक्के. सीईटीत कितीही चांगले गुण पडले तरी ही अट सुटत नाही.

दुसरा घोळ याहून महागात पडणारा आहे. मुक्त विद्यापीठाची पदवी चालते का, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. बारावी करून मग मुक्त विद्यापीठातून बी.ए. केले असेल तर चालते. पण बारावी न करता केवळ पूर्वतयारी परीक्षेच्या आधारे थेट बी.ए.ला प्रवेश घेतला असेल, तर ती पदवी कायद्याच्या प्रवेशासाठी ग्राह्य धरली जात नाही. घरच्या अडचणीमुळे दहावीनंतर शाळा सुटली आणि पुढे जिद्दीने मुक्त विद्यापीठातून पदवी मिळवली, अशांना हा नियम अन्यायकारक वाटतो आणि तसे वाटण्यात चूक नाही. तरीही नियम आहे तो असा आहे. दहावी, बारावी, पदवी हा क्रम आपल्या कागदांवर दिसतो का, हे सीईटीचा अर्ज भरण्याआधीच तपासायला हवे.

नोकरी सांभाळून होईल का?

कागदोपत्री हा पूर्णवेळ अभ्यासक्रम आहे. नियमावली प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरी मागते. ‘फक्त परीक्षेला या’ असे सांगणारे भेटतात, पण सप्टेंबर २०२४ च्या परिपत्रकाने बार कौन्सिलने बायोमेट्रिक हजेरी आणि वर्गात सीसीटीव्ही लावण्यास सांगितले. विद्यार्थ्याने नोकरीची माहिती जाहीर करून मालकाचे ना-हरकत पत्र द्यावे, असेही त्यात आहे. दोन नियमित पदव्या एकाच वेळी करण्यासही मनाई आहे. दूरशिक्षणाचा अभ्यासक्रम मात्र याला अपवाद आहे.

शिवाय तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे, पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात २० आठवडे इंटर्नशिप असते. एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला कोर्टात बसून पाहायचा, त्याची नोंदवही लिहायची, अभिरूप न्यायालयात बाजू मांडायची. ही नोंदवही मित्राच्या वहीतून उतरवणारे बरेच असतात. त्यांना साधा मुदतवाढीचा अर्ज कसा करायचा, हे सनद मिळाल्यावर शिकावे लागते.

फीचे काय?

वार्षिक कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतील मुलींसाठी २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क राज्य सरकार भरते. मात्र प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून, म्हणजे ‘कॅप’मधून झालेला असावा लागतो. संस्था स्तरावरची जागा घेतली की ही सवलत जाते.

भाषेची अडचण किती?

घरी अहिराणी किंवा तावडी, वर्गात मराठी, कायद्याचे पुस्तक इंग्रजी. जिल्हा आणि तालुका न्यायालयाची भाषा मराठी आहे. दावा, कैफियत, उलटतपासणी मराठीतच चालते. जामनेर किंवा साक्रीच्या कोर्टात ज्युनिअरच्या हातात येणारे कागदही मराठीच असतात: सातबारा, फेरफार, बहिणींनी सही केलेले किंवा न केलेले हक्कसोडपत्र, महामार्गात गेलेल्या शेताच्या मोबदल्याची नोटीस, वनहक्काच्या दाव्यावरचा निर्णय. बांधावरच्या साक्षीदाराला त्याच्या बोलीत प्रश्न विचारता येणारा वकील तिथे उजवा ठरतो.

प्रश्न अपिलात येतो. दोन्ही जिल्ह्यांची प्रकरणे उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर येथील खंडपीठात जातात आणि अजिंठ्याचा किंवा कन्नडचा घाट चढला की कामकाज इंग्रजीत. पहिल्या वर्षापासून रोज एक निकालपत्र मूळ इंग्रजीत वाचणे, हाच त्यावर उपाय.

आताच्या विद्यार्थ्यांना आणखी एक दुहेरी काम आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. खुनाचे कलम ३०२ होते, ते १०३ झाले. पण त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांना जुनेच कलम लागते, म्हणून पुढची काही वर्षे दोन्ही पाठ हवीत.

पदवीनंतर पैसा कधी?

नोंदणीचा खर्च कमी झाला आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी स्पष्ट केले, की नोंदणी शुल्क खुल्या प्रवर्गाला ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपयांहून जास्त घेता येणार नाही. मुद्रांक शुल्क वेगळे. नंतर अखिल भारतीय बार परीक्षा द्यावी लागते. तीही मराठीत देता येते.

खरी ओढाताण त्यापुढे सुरू होते. सनद घेऊन वकिली करणाऱ्याला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही आणि सिनिअरकडे पहिली दोन-तीन वर्षे मिळेल ते घ्यावे लागते. ज्युनिअरला ग्रामीण भागात दरमहा १५ हजार, शहरात २० हजार रुपये द्यावेत, अशी शिफारस बार कौन्सिलने ऑक्टोबर २०२४ मध्ये केली. ती बंधनकारक नाही.

न्यायाधीश होण्याचे स्वप्न असलेल्यांनाही ही वर्षे आता टाळता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ च्या निकालात दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. हा काळ तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून मोजला जातो. म्हणून निकाल लागल्यावर नोंदणीचा अर्ज महिनोन्महिने लांबवला, तर तेवढे महिने परीक्षेपासूनही लांब जातात.