यंत्रामागील आसन

शाळेच्या स्नेहसंमेलनात गाणाऱ्यांमध्ये मुलींची संख्या पुष्कळ असते; परंतु रंगमंचाच्या बाजूस ध्वनियंत्रापाशी पाहावे, तो तेथे बहुधा मुलगेच बसलेले आढळतात. यंदा एका विद्यार्थिनीने आम्हांस विचारले, "त्या खुंट्या फिरविण्यास आम्हांस का बोलावीत नाहीत?" आम्ही त्या वेळी निरुत्तर झालो. त्या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

कोणी म्हणेल, यंत्र हे निःपक्षपाती. त्यास स्त्री काय नि पुरुष काय! पण तसे नाही. यंत्र घडविणारा मनुष्य कोणता आवाज पुरेसा मानतो, यावर त्याची रचना ठरते. जुन्या दूरध्वनीतून सेकंदास सुमारे ३०० ते ३४०० कंपनांचाच ध्वनी जाई. 'स' या वर्णाची धार ४००० कंपनांच्याही वर असते, आणि स्त्रियांच्या व बालकांच्या उच्चारात ती आणखी वर चढते. अर्थात् तारेवर त्यांच्या बोलण्याचा अधिक अंश गळून पडे. दोष कंठाचा नव्हे, मापाचा होता.

गायनाचीही तीच कथा. पेटीच्या सप्तकात बारा सूर. दोन पट्ट्यांमधील मींड तीत निघत नाही. याच कारणास्तव आकाशवाणीने १९४० साली पेटीस बंदी केली. ती १९७१ पासून शिथिल होऊ लागली. पुढे १९८३ साली विद्युत्‌वाद्ये व संगणक यांना जोडणारी 'मिडी' नामक सांकेतिक भाषा आली. तीतही प्रत्येक सुरास पट्टीचा क्रमांक असतो, आणि मींडेसाठी निराळी आज्ञा द्यावी लागते. रचणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे पियानो होता, वीणा नव्हती, हे उघड आहे. तसेच, केवळ गुळगुळीत काचेवर चालणारे यंत्र बोलून मार्ग दाखवीत नसेल, तर तीक्ष्ण कानाच्या अंध विद्यार्थ्यास ते बंद दारासारखेच होय.

यावरून निष्कर्ष हा, की यंत्र घडविणारे व चालविणारे जितके विविध, तितके ते अधिकांच्या उपयोगी पडते. गोमंतकातील केरी गावी जन्मलेल्या केसरबाई केरकरांचे गाणे १९७७ साली 'व्हॉयेजर' यानांवरील तबकडीतून अंतराळात गेले. स्त्रीचा कंठ ताऱ्यांच्या वाटेस लागला. मग तिचा हात यंत्रास का लागू नये?

हा धडा आपल्याच परिसरात पूर्वी गिरविला गेला आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदासदन काढले. तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई या पुढे अण्णासाहेब कर्वे यांच्या सहधर्मचारिणी झाल्या. केडगावच्या मुक्तिसदनात रमाबाईंनी मुलींच्या हाती खिळे व छापखाना दिला, आणि त्यांचे मराठी बायबल त्या हातांनी छापले गेले. अण्णासाहेबांचा १८९६ साली स्थापन झालेला आश्रम १९०० साली हिंगण्यास, म्हणजे आजच्या कर्वेनगरात, आला. आणि त्याच भूमीवर त्यांच्या संस्थेने १९९१ साली मुलींसाठी अभियांत्रिकी महाविद्यालय उघडले. तेथे विद्युत्‌संदेशवहनाचे शास्त्र शिकविले जाते. पुण्यातच, जुन्या प्रभात चित्रशाळेच्या जागी, १९६० पासून उभ्या असलेल्या चित्रपट संस्थेत ध्वनिमुद्रणाचे शिक्षण मिळते. दारे आहेत, उंबरठा ओलांडण्याचे धैर्य मात्र घरात व शाळेत द्यावयाचे असते.

म्हणून पालकांस आमची विनंती, की घरातील बिघडलेला ध्वनिवर्धक उघडताना मुलीसही जवळ बसवावे. विद्यार्थ्यांनो, तुम्ही आपली जागा थोडी सरकवा. ज्ञान वाटल्याने घटत नाही. आणि त्या विद्यार्थिनीस आमचे उत्तर हे, की तुला बोलावले नाही ही आमचीच चूक होय. पुढील संमेलनात यंत्रापाशी दोन खुर्च्या मांडू, आणि त्यांतील एक तुझी.