पुरणपोळी आणि दुसऱ्या दिवशीचा काटा

होळीला पुरणपोळी झाली. कटाची आमटी झाली, कुरडया-पापड झाले, पोळीवर तुपाची धार झाली, आणि महिनाभर नेमानं डाएट करणाऱ्या माणसानं त्या दिवशी आडवा हात मारला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो वजनकाट्यावर उभा राहतो. काटा दीड किलो वर! महिन्याभराची कमाई एका जेवणात बुडाली म्हणून तो कपाळाला हात लावतो.

पण जरा हिशेब करून पाहू या. १९५८ साली मॅक्स विश्नॉफ्स्की नावाच्या अमेरिकी डॉक्टरानं एक आकडा मांडला, तो आजही ढोबळ अंदाजाला चालतो : एक पौंड चरबी म्हणजे ३५०० कॅलरी. किलोच्या भाषेत साधारण ७७००. म्हणजे दीड किलो चरबी अंगावर चढायची, तर गरजेपेक्षा साडेअकरा हजार कॅलरी जास्त पोटात जायला हव्यात. तूप लावलेल्या एका पोळीच्या साडेतीनशे धरा. रोजचं जेवण आहे तसं जेवायचं आणि वर ३३ पुरणपोळ्या! पैजेवर खाणारे वीर आपल्याकडे होऊन गेलेत, पण आपल्या गड्यानं तर चारच खाल्ल्या. मग हे दीड किलो आले कुठून?

बरेचसे नळातून आले.

पुरणातला गूळ, कणकेतला आणि डाळीतला स्टार्च, या सगळ्याचं पोटात शेवटी बहुतेक ग्लुकोज होतं. त्यातलं जे लगेच लागत नाही, ते शरीर लांबलचक साखळ्या करून साठवतं. या साठ्याचं नाव ग्लायकोजेन. मोठ्या माणसाच्या यकृतात तो शंभरेक ग्रॅम आणि स्नायूंमध्ये चारशे ग्रॅमच्या आसपास मावतो. खाणं कमी केलं की पहिला हात पडतो तो याच साठ्यावर. आता गंमत पाहा : ग्लायकोजेन कोरडं राहतच नाही. त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठतं. उपासाच्या आदल्या रात्री वाटीभर साबुदाणा भिजत घालतो, सकाळी तो फुगून भांडं भरतो, तसंच हे. साबुदाणा होता तेवढाच आहे. वाढलं ते त्यानं प्यायलेलं पाणी.

डाएटमुळे अर्धामुर्धा रिकामा झालेला हा साठा सणाच्या एका दिवसात तीनशे ग्रॅमनं भरला असं समजा. त्याच्याबरोबर नऊशे ग्रॅम पाणी आलं. झाले एक किलो दोनशे! त्यात चरबीचा एक कणही नाही.

उरलेल्याला जबाबदार आहे पापड. दवाखान्यात लावतात त्या साध्या सलाईनच्या एका लिटरमध्ये ९ ग्रॅम मीठ असतं, कारण आपल्या अंगातल्या पाण्याचा खारटपणा जवळपास तेवढाच आहे, आणि शरीर तो बदलू देत नाही. मीठ जास्त आलं की तहान लागते, आणि प्यायलेलं पाणी अंगात थांबतं. पापड, कुरडई, लोणचं आणि दोन वाट्या आमटीतून नेहमीपेक्षा चार ग्रॅम मीठ जास्त गेलं, तर अर्ध्या लिटरच्या जवळ पाणी मूत्रपिंडं दिवस-दोन दिवसांत ते मीठ बाहेर टाकेपर्यंत मुक्कामाला राहतं. काटा बिचारा खोटं बोलत नाही. फक्त पाणी आणि चरबी यांतला फरक त्याला कळत नाही.

(हेच गणित उलटं फिरवा. डाएटच्या पहिल्या आठवड्यात तीन किलो घटवल्याच्या ज्या जाहिराती दिसतात, त्यांचं तेज बरंचसं याच पाण्याचं असतं.)

बरं, मग चरबी अजिबातच वाढली नाही का? वाढली. पण कशातून वाढली हे ऐकलंत तर पुरणाची थोडी दया येईल. आपली समजूत अशी की जास्तीची साखर थेट चरबी होऊन पोटावर बसते. साखरेची चरबी करण्याची यंत्रणा माणसात आहे खरी, पण शरीर ती सहजासहजी चालवत नाही. १९८८ साली स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथल्या संशोधकांनी मोजक्या तरुणांना काही दिवस पिष्टमय पदार्थांचा अक्षरशः मारा करून खाऊ घातलं आणि त्यांच्या शरीरात काय जळतं, काय साठतं ते मोजलं. ग्लायकोजेनचा साठा सुमारे ५०० ग्रॅमनं वाढेपर्यंत पिष्टापासून नवी चरबी साठू लागल्याचं दिसलं नाही. एका दुपारचं पुरण इतक्या लांब पोहोचत नाही.

मग तूप? तुपाला असलं काही करावं लागत नाही, ते आधीच चरबी आहे. ग्लुकोजला साठायला जागा थोडी, म्हणून शरीर आधी ते जाळायला घेतं. चरबीला जागाच जागा, म्हणून तिला घाई नाही. पुरणपोळीच्या दिवशी शरीर पुरण जाळण्यात गुंतलेलं असतं आणि तेवढ्यात तूप गुपचूप कातडीखाली जाऊन बसतं. म्हणजे पुरण निर्दोष सुटत नाही. चोरी तुपानं केली, पण पहारेकऱ्याला बोलण्यात गुंतवलं पुरणानं.

आणि तेही सगळ्यांच्या बाबतीत सारखं नाही! १९९९ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये जेम्स लेव्हाइन आणि सहकाऱ्यांनी १६ जणांना आठ आठवडे, रोज, गरजेपेक्षा हजार कॅलरी जास्त खाऊ घातल्या. सगळ्यांना सारखंच जास्तीचं खाणं. आठ आठवड्यांनी एकाची चरबी ४ किलो २३० ग्रॅमनं वाढलेली, तर दुसऱ्याची जेमतेम ३६० ग्रॅमनं. हा दुसरा जिमला जात होता का? नाही. त्याचं शरीर त्याच्या नकळत जास्त हालत होतं. उठणं, बसणं, चुळबुळ करणं, पाय हलवणं, उभं राहणं. ज्याच्यात हे सर्वांत वाढलं, त्याच्या बाबतीत ही वाढ दिवसाला सातशे कॅलरींच्या जवळ गेली. शाळेत ‘एका जागी बस जरा’ म्हणून ज्यांनी ओरडा खाल्लाय, त्यांना मनातल्या मनात हसायला हरकत नाही.

एवढं ऐकून कुणी म्हणेल, मग दर रविवारी होळी का करू नये? जिममध्ये तर ट्रेनर सांगतातच : ‘आठवड्यातून एक चीट डे पाहिजे, नाहीतर मेटाबॉलिझम झोपतो.’

या सांगण्यात एक खरा धागा आहे, आणि तो उंदरांपासून सुरू होतो. १९४९ साली अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेत अचानक काही उंदीर असे निपजले की खात सुटायचे आणि नेहमीच्या उंदराच्या तिप्पट वजनाचे व्हायचे. पुढे तिथल्याच डग्लस कोलमन यांनी असा उंदीर आणि साधा उंदीर शस्त्रक्रियेनं जोडून त्यांच्यात रक्ताची देवाणघेवाण घडवली, तेव्हा लठ्ठ उंदराचं खाणं आपोआप आटोक्यात आलं! साध्या उंदराच्या रक्तात ‘पुरे’ असं सांगणारं काहीतरी होतं. ते काय, हे कळायला १९९४ साल उजाडलं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाला त्याचं जनुक सापडलं. त्या संप्रेरकाचं नाव लेप्टिन, आणि ते तयार होतं कुठे? चरबीतच. ज्या चरबीला आपण नुसतं ओझं समजत होतो, ती मेंदूशी सतत बोलत असते : माझा साठा इतका आहे, काळजी नको.

खाणं कमी केलं की चरबी फारशी घटण्याआधीच, काही दिवसांत, लेप्टिन घसरतं. मेंदू घाबरतो, भूक वाढवतो, खर्चाला थोडा हात आखडतो. मग एक दिवस भरपेट खाऊन लेप्टिन वर चढवलं तर? लोझानमध्येच २००० साली हे तपासलं गेलं. निरोगी स्त्रियांना तीन दिवस गरजेपेक्षा ४० टक्के जास्त पिष्टमय आहार दिला. लेप्टिन २८ टक्क्यांनी वाढलं, दिवसभरातला कॅलरींचा खर्च ७ टक्क्यांनी वाढला. ट्रेनरचं बरोबर निघालं की! फक्त दोन्ही आकडे शेजारी ठेवा : आत ४० आले, बाहेर ७ गेले. हाच प्रयोग तेलातुपाचा जास्तीचा आहार देऊन केला तेव्हा असा ठळक फरक दिसलाच नाही. आणि आपल्या चीट डेला पिझ्झा, वडापाव, आइस्क्रीम असतं. लेप्टिनला खूश करायला कुणी कोरडा भात खात नाही.

विश्रांतीचा उपयोग दिसला तो वेगळ्याच रूपात. २०१७ साली टास्मानिया विद्यापीठाच्या न्युआला बर्न यांनी लठ्ठ पुरुषांचे दोन गट केले. एकानं सलग १६ आठवडे कमी खाल्लं. दुसऱ्यानंही कमी खाण्याचे आठवडे १६च ठेवले, पण दर दोन आठवड्यांनी दोन आठवडे सुट्टी घेत. सुट्टीवाल्यांचं वजन जास्त उतरलं. मात्र त्या सुट्टीत चंगळ नव्हती. वजन स्थिर राहील इतकंच, मोजूनमापून दिलेलं जेवण होतं. पुढच्या काही चाचण्यांत हा फायदाही दिसला नाही, त्यामुळे मी यावर फार इमले बांधणार नाही.

दर रविवारच्या होळीचं साधं गणित मात्र कुणालाही करता येईल. सहा दिवस रोज ५०० कॅलरींची तूट, म्हणजे ३०००. रविवारी सकाळी मिसळ आणि जिलबी, दुपारी मटण, संध्याकाळी बाहेरचं जेवण आणि वर कुल्फी. दीड हजार कॅलरी जास्त जायला कष्ट पडत नाहीत. अर्धा आठवडा तिथेच वाहून गेला. आपल्या आज्यांना कॅलरी हा शब्द ठाऊक नव्हता, पण ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ म्हणताना त्यांनी हीच वजाबाकी मांडली होती.

खरा घोटाळा पोटापेक्षा डोक्यात होतो. १९७५ साली पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी तरुण मुलींना चवीची चाचणी आहे असं सांगून आइस्क्रीम पुढे ठेवलं. त्याआधी काहींना मिल्कशेक पाजला होता. साधा नियम काय सांगतो? मिल्कशेक प्यायला की आइस्क्रीम कमी जाईल. एरवी मोकळेपणानं खाणाऱ्या मुलींचं तसंच झालं. आणि ज्या सतत खाण्यावर ताबा ठेवत होत्या, त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम उलट जास्त खाल्लं! मोडलाच आहे नेम, तर मग आज होऊनच जाऊ दे. पोट भरलेलं असताना भूक वाढवणारी ही करामत फक्त नियमाची.

म्हणून माझं मत सांगतो. सणाला पुरणपोळी खावी, मोदक खावा, आणि त्याला चीट म्हणू नये, फसवायचं कुणाला? पण आठवड्याच्या शिस्तीचं बक्षीस म्हणून एक अख्खा दिवस मोकळा सोडला, तर वर्षाला ५२ होळ्या होतात. एक जेवण आणि एक दिवस यांत फार अंतर आहे. (मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्वतःला लावू नये. त्यांची साखर एका जेवणानंही बिघडते.)

सणांचा खरा हिशेबही कुणीतरी ठेवलाय. २००० साली जॅक यानोव्हस्की आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या १९५ जणांचं वजन नोव्हेंबर ते जानेवारी या त्यांच्या सणासुदीत मोजलं. वाढ सरासरी ३७० ग्रॅम. इतकीच! पण पुढे ती उतरली नाही, आणि त्यांच्या वर्षभराच्या वाढीचा मोठा भाग या काही आठवड्यांतच झाला. आपल्याकडे गणपती ते दिवाळी हे दिवस याच जातीचे. त्या अभ्यासात मनावरच्या ताणाचा वजनवाढीशी संबंध लागला नाही. संबंध लागला तो दोन गोष्टींचा, भुकेचा आणि हालचालीचा. ज्यांची हालचाल नेहमीपेक्षा बरीच वाढली होती, त्यांचं वजन सर्वांत कमी वाढलं.

हालचालीचा आणखी एक चमत्कार जेवणानंतर लगेच पाहायला मिळतो. बसलेल्या माणसाच्या स्नायूंना रक्तातलं ग्लुकोज आत घ्यायला इन्शुलिनची मदत लागते. तोच स्नायू आकुंचन पावू लागला की इन्शुलिनची वाट न पाहता ग्लुकोज ओढून घेतो. साधं चालणंही त्याला पुरतं. तेव्हा पुरणपोळीच्या दुपारी वामकुक्षी अर्धा तास पुढे ढकलून कोपऱ्यावरच्या पानवाल्यापर्यंत चालत जावं. पान साधं घ्यावं, गुलकंदाशिवाय.