ड्रेसिंग चालू आहे, पण जखम का भरत नाही?

अंधेरी असो की मुलुंड, पायाच्या जखमेच्या ड्रेसिंगसाठी दिवसाआड दवाखान्याची पायरी चढणारा एखादा मधुमेही आपल्या ओळखीत असतोच. ‘शुगरची जखम, वेळ लागणारच,’ असं घरचे म्हणतात. बहुतेकदा ते खरंही असतं. पण क्वचित त्या जखमेत त्वचेचा कॅन्सर वाढत असतो.

हे होतं कसं? मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात. चपलेतला खडा टोचला तरी कळत नाही. त्यात रक्तपुरवठा कमी. जखमेच्या कडेची त्वचा नव्या पेशी तयार करून खड्डा बुजवू पाहते. जंतू, सूज आणि चालतानाचा दाब तो पुन्हा उकरतात. वर्षानुवर्षं असं चाललं की पेशींच्या विभाजनात चुका साठत जातात आणि काही पेशी बेलगाम वाढू लागतात. जुन्या जखमेतल्या किंवा व्रणातल्या अशा कॅन्सरला ‘मार्जोलिन अल्सर’ म्हणतात. जाँ-निकोला मार्जोलिन या फ्रेंच सर्जनने १८२८ साली अशा चिघळलेल्या व्रणांचं वर्णन केलं होतं.

आपल्याकडेही हे जुनंच आहे. धोतराची गाठ कमरेला सतत घासून होणाऱ्या कॅन्सरची नोंद मुंबईच्या डॉ. वसंत खानोलकरांनी १९४५ साली केली. परकराच्या नाडीने झालेल्या जखमेतला कॅन्सर वर्ध्याच्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये मांडला.

ड्रेसिंग सोडताना जखमेची कड नीट पाहा. ती जाड, कडक होऊन बाहेर उलटली आहे का? मध्ये फुलकोबीसारखं मांस वर आलंय का? हात लागताच रक्त येतं, घाण वास वाढलाय, जांघेत गाठ लागते? तळव्यावर किंवा नखाखाली काळा डाग पसरतोय? यातलं एकही दिसलं तरी लगेच डॉक्टरांना दाखवा. यातलं काहीच नसलं, पण नीट उपचार करूनही तीन महिन्यांत जखम भरली नाही, तरी ‘तुकडा तपासायचा का?’ असं स्वतःहून विचारा.

बायॉप्सीत भूल देऊन कडेचे आणि मधले छोटे तुकडे काढतात. एका ठिकाणी कॅन्सर सापडला नाही, तरी दुसरीकडे असू शकतो; म्हणून तुकडे अनेक जागांचे घेतात. तुकडा काढल्याने कॅन्सर पसरतो, ही भीती मनातून काढून टाका. पसरतो तो उशिराने. वेळेत सापडला तर आजूबाजूच्या थोड्या निरोगी त्वचेसकट तेवढाच भाग काढून अनेकदा पाय वाचवता येतो.

घाटकोपरचं राजावाडी, जुहूचं कूपर ही पालिकेची रुग्णालयं उपनगरातच आहेत. जुनी जखम घेऊन तिथल्या सर्जरी ओपीडीत जा. पुढच्या ड्रेसिंगची वाट पाहू नका.